चाचणी स्मरणशक्तीची नव्हे
अल्झायमर ओळखायला मदत म्हणून डोक्याला चुंबक लावून एक चाचणी करतात. चुंबकाने विसरभोळेपणा कसा कळणार, ही शंका रास्त आहे. पण इथे स्मरणशक्ती मोजतच नाहीत! मनगटातल्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका देतात आणि साधारण २० मिलिसेकंदांनी मेंदूच्या हालचालींच्या भागावर चुंबकीय स्पंद सोडतात. या स्पंदाने हाताचा स्नायू उडतो. निरोगी माणसात मनगटावरच्या आधीच्या झटक्यामुळे ही उडी दबते. अल्झायमरमध्ये ती सहसा तेवढी दबत नाही, कारण हे दबणं ज्यावर अवलंबून आहे ते अ‍ॅसिटिलकोलीन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं एक रसायनच कमी पडतं. रोममधल्या दि लाझारो यांच्या गटाने हे २००२ मध्ये दाखवलं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या दुसऱ्या प्रकारात मात्र हे दबणं बहुधा शाबूत असतं, म्हणून या दोन आजारांत फरक करायलाही उपयोग. अर्थात किल्ल्या सापडेनात म्हणून लगेच ही चाचणी शोधू नका. आधी बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, विसरभोळेपणा त्यांच्यामुळेही येऊ शकतो.