लहान धरणावरच्या वीजकेंद्राचा प्रादेशिक पुरवठ्याला उपयोग किती?

प्रश्न
औष्णिक केंद्राचा एकच संच ५०० मेगावॉटचा असू शकतो, तर लहान धरणाच्या पायथ्याचे जलविद्युत केंद्र जेमतेम दोन मेगावॉटचे असते आणि तेही वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. मग प्रदेशाच्या वीजपुरवठ्यात त्याची भर नेमकी कोणती, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

पहिले उत्तर
सेकंदाला १० घनमीटर पाणी २० मीटर उंचीवरून सोडले आणि एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सुमारे १.६७ मेगावॉट वीज मिळते. विसर्ग घटला किंवा जलाशयाची पातळी उतरली की तीही कमी होते. दोन मेगावॉटच्या केंद्राने सरासरी ४० टक्के क्षमतेने काम केले, तर वर्षाला सुमारे ७० लाख युनिट होतात. प्रादेशिक बेरजेत हा आकडा किरकोळच आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरे उत्तर
परंतु केवळ युनिट मोजणे मला अपुरे वाटते. असे केंद्र बहुधा जवळच्या ११ किंवा ३३ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीला जोडलेले असते, त्यामुळे वीज तिथल्या तिथे वापरली जाते, लांबच्या वाहिनीवरचा प्रवाह घटतो आणि वाहिनीतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती लक्षणीय कमी होते. शिवाय थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत भार घेतो. मुख्य ग्रीड कोसळल्यावर तो परिसराला स्वतंत्रपणे वीज देऊ शकतो, मात्र त्यासाठी सिंक्रोनस जनित्र (ग्रीडच्या आधाराशिवाय चालू शकणारे), गव्हर्नर (टर्बाइनचा वेग स्थिर राखणारे नियंत्रक) आणि सुरुवातीपुरती बॅटरी हवी. ग्रीडच्या आधारावर चालणारे साधे इंडक्शन जनित्र बसवले असेल, तर ग्रीड गेल्यावर तेही थांबते. खर्च वाचवण्यासाठी नेमकी स्वतंत्रपणे चालण्याची सोय गाळली जाते, याचे वाईट वाटते.

तिसरे उत्तर
वरील मुद्द्यांना एक अट जोडतो: हवी तेव्हा वीज मिळण्यासाठी साठा लागतो. नदीत सेकंदाला १.६७ घनमीटर पाणी येत असेल, तर दिवसभर अडवून सुमारे १.४४ लाख घनमीटर साठते आणि त्यावर १० घनमीटरचे टर्बाइन संध्याकाळी चार तास चालते. मात्र तेवढा वेळ पाणी पूर्ण अडवले, तर खालची नदी कोरडी पडते आणि नंतर अचानक फुगते. म्हणून किमान प्रवाह सतत सोडावा लागतो आणि तितकी वीज संध्याकाळच्या वाट्यातून वजा होते. धरण मुळात सिंचनासाठी असेल, तर पाणी केव्हा सोडायचे हे पिकांच्या आवर्तनावर ठरते, विजेच्या मागणीवर नव्हे.