टुररचा मागचा टायर ९ हजारांत चपटा! पुढचा जोड कोणता घेऊ?

लांबपल्ला
मंडळी, सल्ला हवाय. गाडी यामाहा एफजेआर १३००, म्हणजे लांबच्या प्रवासाची जड मोटरसायकल (टुरर). मागचा टायर (१८०/५५ झेडआर १७) ९ हजार किलोमीटरांत मधोमध चपटा झालाय. कडेची नक्षी जवळपास कोरी, पण मधल्या खाचांमध्ये झिजेच्या खुणेला रबर टेकलं. पुढच्यात अजून जीव आहे. तरी वळणात घालताना गाडी आधी अडून बसते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. टायर कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच टायरवर एका मित्राचे १५ हजार झालेत.

वापर बहुतेक हायवेचा, अधूनमधून घाट. पावसात गाडी काढायची नाही असं काही नाही. मी ८५ किलो, बायको ६५, आणि दोन्ही पॅनियर (बाजूच्या पेट्या) नि वरची डिकी भरली की सामान ३५च्या आसपास.

मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी टू, ब्रिजस्टोन टी३२ आणि काँटिनेंटल रोडअटॅक ४, इथवर यादी आणली आहे. यातला कोणता? आणि मागे १८०च्या जागी १९० मिमी रुंदीचा चढवला तर जास्त टिकेल का?

शाफ्टवाला
१९०चा नाद सोडा. तुमची रिम साडेपाच इंची. १९० तिच्यावर चढतो, नाही असं नाही, पण कडा आत ओढल्या जातात आणि टायर मधेच जास्त उंच होतो. म्हणजे सरळ रस्त्यावर टेकणारी पट्टी काही रुंद होत नाही, वळवताना गाडी मात्र जड लागते. रुंद टायर उभ्या गाडीवर छान दिसतो, एवढंच.

रिमझिम
यादी राहू दे बाजूला. मागे हवा किती ठेवता?

लांबपल्ला
३४-३५ पीएसआय. पुस्तिकेत ४२ आहे, पण तेवढी भरली की प्रत्येक खड्डा कण्यात जाणवतो. ओळखीतल्या एका मेकॅनिकनेच सांगितलं होतं, लांबच्या प्रवासाला थोडी कमी ठेवा.

रिमझिम
सापडला तुमचा चोर.

वाकून मागच्या टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा. मापाच्या शेवटी ७३डब्ल्यू असेल. डब्ल्यू म्हणजे २७० किमी ताशी वेगापर्यंत चालेल. तो वेग आपण कुणी गाठत नाही, पण पुस्तिकेत जे अक्षर आहे त्याच्या खालचं घेऊ नये. आपल्या कामाचा आकडा ७३. त्याचा अर्थ ३६५ किलो भार. पुढच्यावर ५८ असेल, म्हणजे २३६ किलो.

आता जवळच बारीक अक्षरांत बघा. हा ३६५ किलोंचा आकडा कोणत्या हवेवर धरलाय तेही लिहिलेलं असतं: थंड टायरात ४२ पीएसआय. हवा कमी केली की ती क्षमताही कमी होते. तुमची गाडी भरल्या टाकीने २९०च्या आसपास, तुम्ही दोघं, सामान, सगळे मिळून ४७५ किलो झाले. आणि बायको नि डिकी या दोघांचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर. म्हणजे गाडी जेव्हा सर्वांत जड, नेमकं तेव्हा तुम्ही हवा कमी करत होतात.

मऊपणा हवा असेल तर तो शॉकमधून (धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगमधून) काढायचा, हवा सोडून नाही.

कप्पी
एक शंका. कारच्या टायरात हवा कमी असली की कडा झिजतात आणि जास्त असली की मधला भाग झिजतो, असं आम्ही शिकलो. यांचा तर मधला भाग झिजलाय. मग हवा कमी होती हे कसं?

शाफ्टवाला
कारचा टायर सपाट, आपला गोल. सरळ जाताना गाडी कायम मधल्या पट्टीवरच असते, त्यामुळे हायवेवाल्याचा मधला भाग आधी जाणार हे ठरलेलंच. हवा कमी असली की ती पट्टी दबते, प्रत्येक फेऱ्यात चुरमडते, तापते, आणि तापलेलं रबर लवकर जातं. सोपी तपासणी सांगतो. सकाळी थंड टायरात ४२ भरा आणि तासभर हायवेवर चालवून लगेच हवा मोजायचा काटा लावा. ४६-४७ दिसायला हवेत. त्याहून बरीच जास्त चढली तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे सुरुवातीलाच कमी होती. फक्त गरम टायरातून हवा सोडू नका, ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली.

घाटमाथा
आता मूळ प्रश्नाकडे येऊ का? यादीतल्या चारही टायरांमध्ये मागे मधलं रबर कडक आणि कडेचं मऊ असतं, त्यामुळे त्या मुद्द्यावर निवड होणार नाही. ओल्यातही चारही चांगले, ओल्यात पकड देणारी सिलिका सगळ्यांच्याच रबरात आहे. फरक कुठे पडतो सांगू? यातल्या काहींची जड गाड्यांसाठी वेगळी आवृत्ती निघते. मिशेलिन, ब्रिजस्टोन आणि काँटिनेंटल नावापुढे जीटी लावतात. पिरेलीचं एंजल जीटी हे मुळातलंच नाव, तिथे जड गाडीसाठीची आवृत्ती 'ए' अक्षराने ओळखायची. तुम्ही साधा रोड ६ मागाल तर दुकानदार साधाच देईल, त्याची काही चूक नाही. रोड ६ जीटी असं पूर्ण नाव घेऊन मागा.

कप्पी
जीटी म्हणजे भाराचा आकडा ७३च्या वरचा, बरोबर?

घाटमाथा
नाही, इथेच बरेच जण फसतात. आकडा तोच ७३. बदलतो तो आतला सांगाडा, तो जास्त ताठ असतो. भरलेली गाडी वळणात डुलत नाही. एकटे, विनासामान फिरणाऱ्याला तोच टायर थोडा कडक लागेल. लांबपल्ला यांच्या वजनाला मात्र जीटीच.

मोकळा_रस्ता
मागे सरळ कारचा टायर टाका, ३० हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत. परदेशात होंडा गोल्डविंग या जड टुररवाले टाकतात.

शाफ्टवाला
टाकतात खरं. वळताना तो चौकोनी टायर कडेवर उभा राहतो, आणि त्याची रिममध्ये बसणारी आतली कड मोटरसायकलच्या रिमसाठी बनलेलीच नसते. या धाग्यात तो विषय नको, वेगळा काढा, तिथे भांडू.

रिमझिम
घेताना तारीख बघायला विसरू नका. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांची ओळ असते, तिच्यात शेवटचे चार आकडे असतात. ३४२३ असेल तर २०२३ सालचा ३४वा आठवडा. आणि पुढचाही सोबतच बदला. त्याला जीव आहे म्हणता, पण मागे नवा गोल टायर आल्यावर पुढचा झिजलेला जास्तच बोचेल. पुढे एका कंपनीचा, मागे दुसऱ्याचा अशी मोट तर बांधूच नका.

व्हॉल्व्हही नवे टाकून घ्या. एवढ्याशा रबरासाठी पुन्हा चाक उतरवायला लागायचं.

लांबपल्ला
तीन आठवड्यांनी परत येतोय. रोड ६ जीटीची जोडी बसवली, दोन्हीची तारीख चार महिन्यांच्या आतली. बसवणाऱ्याने पुढचा टायर उलटा लावला होता, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण मागे. त्याचं म्हणणं, नक्षी मागच्यासारखीच दिसायला पाहिजे. बाण दाखवल्यावर निमूटपणे काढून परत लावला. मी तिथे उभा नसतो तर तसाच घेऊन आलो असतो.

पहिल्या दिवशी घाबरलो, खरं सांगतो. हँडल जरा ढकललं की गाडी आपसूक आत. वाटलं काहीतरी ढिलं राहिलंय. मग लक्षात आलं, गेले कित्येक महिने मीच त्या चपट्या टायराशी कुस्ती खेळत होतो आणि त्यालाच गाडीचा स्वभाव समजत होतो. पहिले दीडशे किलोमीटर जपून, जोरात ब्रेक न मारता काढले. काल दोघांनी सामानासकट ४०० केले. बायको म्हणाली, मागे बसून आता पोटात ढवळत नाही. मला वाटायचं ते वळणांमुळे.

शाफ्टवाला
आणि खड्डे?

लांबपल्ला
कळतात. शॉक दोन दिवस इकडेतिकडे करून पाहिला, आता सोसण्याइतके कळतात.

रिमझिम
हवा?

लांबपल्ला
मागे ४२, पुढे ३९. सकाळी, थंड टायरात, स्वतःच्या काट्याने.