मदत हवी आहे: लिनक्सची पोर्ट रेंज किती ताणावी?
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका लहान ऑफिसचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. आमचा प्रॉक्सी (मधला सर्व्हर, लोकांच्या विनंत्या पुढे पाठवणारा) मागच्या एकाच डेटाबेसकडे सतत छोटी छोटी कनेक्शनं उघडतो, आणि गर्दीच्या वेळी नव्या कनेक्शनला पोर्टच मिळत नाही.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला लिनक्स आपल्या बाजूचा एक पोर्ट क्रमांक देतं; त्याची मूळ रेंज ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. आपल्या बाजूनं बंद केलेलं कनेक्शन टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरही पोर्ट धरून ठेवणारी अवस्था) ६० सेकंद अडकून राहतं. म्हणजे एका आयपीवरून त्याच आयपी-पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं, की खेळ खल्लास. (पूलिंग, म्हणजे उघडी कनेक्शनं पुन्हा वापरणं, हाच खरा इलाज, ठाऊक आहे. पण ॲप बाहेरून घेतलेलं, आपलं तिथे चालत नाही.)

आयाना, म्हणजे इंटरनेटचे क्रमांक वाटणारी संस्था, तिची शिफारस ४९१५२ ते ६५५३५, विंडोजही व्हिस्टापासून तीच वापरतं. ती तर आणखी तोकडी. उलट २०११ चा आरएफसी ६०५६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणतो, १०२४ पासून वरचे सगळे घ्या, हल्लेखोराला पोर्टचा अंदाज बांधणं अवघड जातं. पटतं. पण कुबरनेटीसचे (कंटेनर चालवणारी प्रणाली) नोडपोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हिसकडे येण्याचे पोर्ट, नेमके ३०००० ते ३२७६७ मध्ये बसलेत, शिवाय आमच्या दोन-तीन सर्व्हिस १८००० च्या आसपास.

तर रेंज १५००० ते ६५००० करून हे नोडपोर्ट आणि सर्व्हिसचे पोर्ट कर्नलच्या राखीव यादीत (आपोआप न वाटायचे पोर्ट) टाकले, तर पुरेल का? प्रॉक्सीला दुसरा आयपी देणं जास्त बरं? कुणी प्रत्यक्ष चालवलं असेल तर सांगा, फायरवॉलमध्ये काय बदलावं लागलं तेही.