मदत हवी आहे: वाचनालयातला मुलांचा गोष्टींचा तास टिकवायचा कसा? (सांगली)

आमराईजवळची

जरा लवकर उत्तर हवं आहे, येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे.

आमच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू केला. सुट्टीत हॉल भरायचा, सतरंज्या कमी पडायच्या. शाळा उघडल्या आणि गळती लागली. आता मोजकीच मुलं येतात. त्यात अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांनी आवाजाची लेखी तक्रार दिली आहे. अध्यक्षांचं म्हणणं असं की दर आठवड्याचा हा व्याप बंद करू, त्याऐवजी 27 फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन), 23 एप्रिल (जागतिक पुस्तक दिन), 15 ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन) अशा ठरलेल्या दिवशी मोठे कार्यक्रम घेऊ, पाहुणे बोलावू, पेपरात बातमी येईल.

मला हे अजिबात पटत नाही. मराठी भाषा गौरव दिनाला हॉलमध्ये येतात ते आमचे नेहमीचे ज्येष्ठ सभासदच. त्यांचं येणं मोलाचंच आहे, पण शाळकरी पोरं सभासद यादीतून जवळजवळ नाहीशी झाली आहेत, त्याचं काय? एकदा तुटलेलं मूल पुन्हा वाचनालयाची पायरी चढत नाही.

कुणी असा कार्यक्रम वर्षभर चालवला असेल तर काय केलंत ते नेमकं सांगा. मोबाईलमुळे वाचन संपलं वगैरे चर्चा कृपया नको.

विश्रामबागकर

ताई, कुठला वार, किती वाजता, मुलं कितवीतली, गोष्ट कोण सांगतं, हॉल आणि अभ्यासिका एकाच मजल्यावर आहेत का? यातलं काहीच लिहिलं नाहीत. तुम्ही कर्मचारी की पदाधिकारी?

आमराईजवळची

कार्यकारिणी सदस्य आहे, याच वर्षी निवडून आले. वाचनालय शासनमान्य, सरकारी वर्गवारीत ब वर्गातलं. नाव इथे नको. रविवारी सकाळी दहा ते अकरा. पहिली ते सातवी. गोष्ट मी सांगते, कधी एक निवृत्त शिक्षिका सांगतात. हॉल खाली, अभ्यासिका वर.

दोन_पोरांची_आई

रविवारी सकाळी दहा? माझा मोठा पाचवीत आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदयचे जादा तास रविवारी सकाळीच असतात. धाकटीला एकटीला कोण सोडणार? आमच्या घरी रविवारी मटण असतं, बाबा मार्केटला, मी ओट्यापाशी. मुलांची इच्छा नाही असं नाही हो, आणून सोडणारं माणूस मोकळं नसतं. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार रिकामी. शनिवारी घ्या.

आणि पहिली ते सातवी एकत्र बसवू नका. सातवीतल्या मुलाला चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकायला लाज वाटते, मित्र चिडवतात.

पडदा_उघडा

सांगलीत राहून गोष्टी कसल्या सांगताय, नाटक करा! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो याच गावात. मुलांना नाट्यवाचन द्या. नुसतं ऐकणारं मूल कंटाळतं, पण ज्याच्या वाट्याला दोन वाक्यं आली ते तालमीला धावत येतं आणि सोबत आजीलाही आणतं. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, सादर करा. नेपथ्य नको, वेशभूषा नको, हातात कागद आणि उभं राहून वाचायचं. मी मिरजेत मुलांकडून हे करून घेतलं आहे, सातवी-आठवीची मुलं तर यानेच टिकतात.

कायद्याचं_बोला

नाट्यवाचनाला लेखकाची परवानगी लागेल. नंतर नोटीस आली तर वाचनालय अडचणीत येईल.

पडदा_उघडा

काहीही घाबरवू नका. तिकीट नाही, मानधन नाही, मुलं वाचणार आणि पालक ऐकणार.

सदाशिवनगरचा_वकील

दोघंही थोडं थांबा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 पाहा. हौशी मंडळाने किंवा संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या साहित्य, नाट्य किंवा संगीतकृतीच्या प्रयोगाला त्यात सूट आहे. छापील साहित्यातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचून दाखवायलाही सूट आहे. त्यामुळे गोष्टींच्या तासाला तर काहीच अडचण नाही. मात्र त्या प्रयोगाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकलं तर ती वेगळी गोष्ट झाली. आणि पेनड्राइव्हवरून सिनेमा दाखवायचा विचार असेल तर या सवलतीत सिनेमा येत नाही. बरीच वाचनालयं सुट्टीत सर्रास दाखवतात, म्हणून सांगितलं.

आमराईजवळची

सिनेमाचा विचार नाही. नाट्यवाचन चांगलं आहे, मोठ्या मुलांसाठी घेईन. पण माझा प्रश्न रविवारच्या बैठकीचा आहे, 5 नोव्हेंबरचा नाही.

घाटावरचा

मुलांना भिलारला घेऊन जा. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, 4 मे 2017 ला सुरू झालं. घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, कुणीही जाऊन बसून वाचावं. मुलं खूश होतील.

विश्रामबागकर

भिलार सुंदरच आहे, पण सांगलीहून दीडशे किलोमीटरच्या वर. सहल झाली की पुढच्या आठवड्यात प्रश्न तिथेच.

निवृत्त_ग्रंथपाल

मी जिल्ह्यातल्या एका तालुका वाचनालयात आयुष्यभर नोकरी केली. मला फक्त एक सांगा. गोष्ट संपल्यावर मूल पुस्तक घरी घेऊन जातं का?

आमराईजवळची

नाही सर. रविवारी पुस्तकांची देवघेव बंद असते, ग्रंथपालांची सुट्टी. बालविभागाच्या कपाटाची चावी त्यांच्याकडेच असते. आणि बालविभाग वर आहे, अभ्यासिकेच्या पलीकडच्या भिंतीला. आधी खालीच होता. 2019 च्या पुरात खालचे सगळे रॅक गेले. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा मुलांच्या पुस्तकांची पानं चिकटून वीट झाली होती, कपाटाची दारं फुगून उघडत नव्हती. त्यानंतर जी नवी पुस्तकं घेतली ती सगळी वर ठेवली.

कृष्णाकाठ

2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या हरभट रोडवरच्या दुकानात कमरेच्या वर पाणी होतं. 2005 ला वाटलं होतं यापेक्षा जास्त येणार नाही. 2021 ला पुन्हा आलंच. पुस्तकं खाली आणायचा विचारसुद्धा करू नका.

गावभाग_जुना_रहिवासी

2005 चं पाणी हळूहळू चढलं होतं, 2019 ला लोकांना सामान हलवायला वेळच मिळाला नाही. आमच्या गल्लीत तर…

विश्रामबागकर

पुराचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन तिथे. इथे ताईंची बैठक तोंडावर आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, तुमची गळती इथे आहे. मूल गोष्ट ऐकतं, डोक्यात ती गोष्ट घोळत असते, त्याच क्षणी त्याच्या हातात पुस्तक पडायला हवं. तुमच्याकडे ते कुलूपबंद आहे, तेही वरच्या मजल्यावर, शांतता राखा अशी पाटी लावलेल्या खोलीपलीकडे. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. त्यांची जयंती 12 ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतो, हार घालतो आणि कपाटाला कुलूप लावून घरी जातो. हे मला नोकरीत असतानाही सहन व्हायचं नाही.

माझ्याकडे गोष्ट सांगणारं कुणी चांगलं नव्हतं. पण शनिवारी दुपारी देवघेवीचं टेबल मी मुलांसाठी वेगळं मांडत असे. एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी आणायचं, आणल्यावर त्यातलं काय आवडलं ते दोन वाक्यांत सांगायचं. पुस्तक परत करायला मूल यायचंच. त्याच्यासोबत शेजारचं यायचं.

अभ्यासिकेतला

मी राज्यसेवेचा अभ्यास करतो, दुसऱ्या एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत. तक्रार करणाऱ्यांची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितोय. आम्ही महिन्याला शुल्क भरतो, त्या पैशावर वाचनालयाचं वीजबिल निघतं. घरी दोन खोल्यांत पाच माणसं असतात म्हणून आम्ही इथे येतो. खालच्या हॉलमधल्या गोष्टीचा त्रास होत नाही, दार लावलं की ऐकू येत नाही. त्रास होतो तो मुलं वर येतात त्याचा. पुस्तकं बघायला येतात, कपाटाचं हँडल खडखडवतात, बंद असलं की जिन्यावरून धावत खाली जातात. त्यांची चूक नाही. ताई, तुमच्याकडेही हेच असेल का बघा.

आमराईजवळची

तक्रारीचा कागद आज परत वाचला. त्यात "जिन्यातील व कपाटाजवळील गोंगाट" असंच लिहिलं आहे. कार्यकारिणीत मात्र "मुलांच्या कार्यक्रमाचा त्रास" एवढंच सांगण्यात आलं.

डिजिटल_वाचक

आता पुस्तकं कपाटात ठेवायचीच कशाला? मुलांना टॅब द्या, मराठी ई-पुस्तकं मोफत मिळतात. पूर आला तरी भिजणार नाहीत.

दोन_पोरांची_आई

टॅब घरी आहेच. तो हातातून काढायला मी मुलांना वाचनालयात पाठवते.

निवृत्त_ग्रंथपाल

पुस्तकं वरच राहू द्या, पुराच्या भीतीत तथ्य आहे. ग्रंथपेटी करा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम पेट्यांवरच उभा आहे, पेटी वाचकांपर्यंत जाते. तुमची पेटी फक्त एक जिना उतरेल. कार्यक्रमाच्या आधी निवडक पुस्तकं पेटीत भरून खाली आणायची, तास संपला की उरलेली वर न्यायची. वेगळी वही ठेवा: मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा फोन, पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला), नेल्याची आणि आणल्याची तारीख. ही वही अध्यक्षांसमोर ठेवली की बातमीच्या कात्रणापेक्षा जास्त बोलते.

पुढच्या वर्षासाठी आणखी एक. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनांमध्ये (म्हणजे राज्याला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही अशा) बालग्रंथालय आणि बालकोपरा उभारायला अर्थसाहाय्य मिळतं. ग्रंथालय संचालनालय त्यासाठी अर्ज मागवतं, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मान्यताप्राप्त वाचनालय असल्याने तुम्ही अर्ज करू शकता.

कायद्याचं_बोला

सरकारी पैसा कधी हातात पडणार? वाचनालय चालवायला सरकार देतं त्या परिरक्षण अनुदानाचे हप्ते वेळेवर येत नाहीत तर हे काय येणार. वर्गणी काढा.

निवृत्त_ग्रंथपाल

अनुदान उशिरा येतं हे खरं, पण अर्जच केला नाही तर येणारच नाही. वर्गणी पहिल्या वर्षी जमते, दुसऱ्या वर्षी लोक फोन उचलत नाहीत. आणि पेटीला पैसे लागतच नाहीत, पुस्तकं आहेतच.

जुनी_पुस्तकं_द्यायची

माझ्याकडे वडिलांची पुष्कळ पुस्तकं आहेत, द्यायची आहेत. पत्ता मिळेल का?

आमराईजवळची

सगळ्यांचे आभार. ग्रंथपालांशी बोलले. शनिवारी ते ड्युटीवर असतात, पेटी भरून द्यायला तयार आहेत. बैठकीत मी हे मांडणार आहे: शनिवारी साडेचार ते साडेपाच. चौथीपर्यंतच्यांना गोष्ट, पाचवी ते सातवीला एका आठवड्याआड नाट्यवाचन, मागच्या खोलीत. मुलांनी जिना चढायचा नाही. दिवाळीपर्यंत मुदत द्या, वही बघा, मग निर्णय घ्या. मोठी व्याख्यानंही करा, माझा विरोध नाही, पण त्यांच्यासाठी हा तास बंद करायचा नाही.

एकच अडलंय. बालसभासदाला अनामत रक्कम भरावी लागते, आणि येणाऱ्यांतली काही मुलं अशा घरची आहेत की पालक ती भरणार नाहीत. खजिनदार म्हणतील, पुस्तक हरवलं तर कोण देणार?

निवृत्त_ग्रंथपाल

पालक किंवा आजोबा सभासद असतील तर त्यांच्या खात्यावर द्या. नसतील तर वर्गशिक्षकांचं हमीपत्र घ्या, आम्ही शाळेकडून तेच घेत होतो. पेटीत पातळ, कमी किमतीची पुस्तकं ठेवा, म्हणजे एखादं गेलं तरी खजिनदारांना फार लागणार नाही. काही हरवतील, काही फाटतील. मुलांच्या विभागात पुस्तक फाटलं म्हणजे ते वाचलं गेलं, हे कार्यकारिणीला स्पष्ट शब्दांत सांगा.

अभ्यासिकेतला

बैठकीआधी तक्रारीवर सह्या करणाऱ्यांना एकदा भेटा. मुलं वर येणार नाहीत एवढं कळलं तर ते स्वतःच तक्रार मागे घेतील. आमच्याकडे कुणी येऊन विचारतच नाही, थेट नोटीस लावतात.

आमराईजवळची

उद्या संध्याकाळी जाते.

जुनी_पुस्तकं_द्यायची

पत्ता?

आमराईजवळची

निरोप पाठवते. मुलांची असतील तर आधी ती द्या, मोठ्या अक्षरातली, चित्रांची. जुनी गाईडं आणि शब्दकोडी नकोत. दिवाळी अंकांचे गठ्ठे असतील तर ज्येष्ठ सभासदांना हवेच आहेत. शनिवारी दुपारी चारनंतर आणा, ग्रंथपाल असतील, लगेच दाखल करून घेतील.