सोळाच्या आतल्या मुलांना इन्स्टा बंदच करायला हवं का?

ऐरोलीची_आई: ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना बंदी आहे, आपल्याकडे का नको? माझी मुलगी नववीत. मैत्रिणीच्या फोनवर तिला तिसऱ्याच एका मैत्रिणीच्या स्टोरीला हिरवी रिंग दिसली, म्हणजे ती स्टोरी फक्त निवडक 'क्लोज फ्रेंड्स'ना दिसणारी, आणि त्यात हिला घेतलंच नाही. झालं, डबा तसाच परत, पोटात दुखतंय, शाळेत जायचं नाही. आमच्या वेळी पण कट्टी व्हायची हो, पण घरी आलं की संपायची, आता ती रात्री उशीखाली असते.

नौपाडा_काका: बंदीने काय होणार? इन्स्टाला १३ ची अट आत्ताही आहेच की, आमच्या बिल्डिंगमधली सहावीतली पोरं खोटी जन्मतारीख टाकून मजेत बसलीयेत. आणि वय खरंच तपासायचं तर तुम्हीआम्ही सगळ्यांनीच कागदपत्रं दाखवायची, त्याला तयार आहात का?

सेक्टर_दहा: काकांशी सहमत. ऑक्सफर्डच्या ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर मुलांचा डेटा तपासला, मुलं किती सुखी आहेत यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता आला. खरं टेन्शन क्लासचं आहे. टेस्टचे मार्क रँकसकट पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात ते चालतं होय?

घणसोली_गर्ल: दादा, ती सरासरी झाली. जी पोरगी आधीच खचलीये तिचं काय? फेसबुकचाच आतला रिसर्च २०२१ मध्ये फुटला, ज्या मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाने अजून वाईट वाटतं. कंपनीला माहीत होतं हो! मी स्वतः अकरावीत फोटो टाकून तासाभरात लाइक आले नाहीत की डिलीट मारायचे. रँकचं मात्र पटलं.

नौपाडा_काका: मग कंपनीला धरा ना, पोरांना कशाला? फोन काढून घेतला तर पोरं जाणार कुठे, सोसायटीत 'खेळण्यास मनाई' आणि टर्फला तासाचे पैसे.

ऐरोलीची_आई: काका, मैदान मिळेपर्यंत पोरगी उपाशी ठेवू का? रात्री फोन हॉलमध्ये ठेवायला लावलाय, रोज भांडण होतं. पण वर्गात सगळ्यांकडे असताना माझ्या एकटीचा नियम किती दिवस टिकणार, म्हणून म्हणते सगळ्यांनाच बंद करा.

सेक्टर_दहा: ताई, पोटदुखी राहिलीच तर १४४१६ वर फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस लाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. बंदीला माझा विरोध कायम.