तुमच्या घरातली बंदूक कुठं असते?

गेल्या चैत्रात वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर पोलीस ठाण्यात कळवलं आणि त्यांची एकनळी बारा बोअर नऊ काडतुसांसह शस्त्रांच्या दुकानात जमा करून आलो. परवाना ज्याच्या नावावर तो माणूसच उरला नाही, तर ती घरात ठेवता येत नाही, हे शेजारच्या वकिलांनी सांगितलं म्हणून कळलं. नळी आणि लाकूड सुटं करून पोत्यात गुंडाळलं होतं, तरी रंकाळ्याच्या कोपऱ्यावर पोलीस दिसल्यावर खिशातले कागद तीनदा चाचपले.

आता प्रश्न असा, की वारस म्हणून परवाना मागायचा की विकून मोकळं व्हायचं? मी कॉलेजात शिकवतो. आयुष्यात एक बार काढलेला नाही. वडिलांनी तरी किती काढले? मला आठवतात ते दोन. एक गोठ्याकडं आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याला भिववायला. दुसरा 1983 साली कपिलदेवच्या हातात कप आला त्या रात्री अंगणात, आणि त्यापायी आजीनं त्यांना दोन दिवस ताट वाढलं नव्हतं. बाकी सगळी वर्षं ती माजघरातल्या कपाटामागं उभी होती. तरी दुकानातून रिकाम्या हातानं परत येताना जे वाटलं, ते वडिलांची सायकल विकताना वाटलं नव्हतं. का, ते नीट सांगता येत नाही.

म्हणून हे विचारतोय. ज्यांच्याकडं परवान्याचं हत्यार आहे किंवा होतं, त्यांनी लिहा. कंपनी, किंमत, नेम यांच्या गप्पा नकोत. ती घरात कुठं असते आणि शेवटची बाहेर कधी निघाली, एवढं सांगा.

राधानगरी तालुका, शेतकरी

गावाचं नाव लिहीत न्हाई. आमची ठासणीची हाय, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. राहती माळ्यावर, म्हंजे शेतातल्या मचाणावर न्हवं, घरातल्या माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला. धुरानं लाकूड काळं झालंय पण वाळवी न्हाई लागत. दारू मात्र पावसाळ्यात ओल धरती. बार भरायचा म्हंजे दारू वतायची, चिंधी घालायची, गजानं ठासायचं, मग टोपी बसवायची. एवढं होईस्तोवर गवा निम्मा वाफा खाऊन मोकळा.

गव्याला मारायचं न्हाई, कायदाच हाय, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या मनात बी येत न्हाई. हजार किलोचं जनावर. मी हवेत बार काढतो. पयल्या वर्षी कळप उठून पळाला. दुसऱ्या वर्षी थांबून बघाय लागला. गेल्या साली मोठ्या नरानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत भातात तोंड घातलं. तवापासनं मी डबा वाजवतो. त्याला डब्याची भीती जास्त वाटती बंदुकीपरास!

आमचा आजा दाजीपूरला महाराजांच्या शिकारीला हाकं घालायला जायचा. तवा ते संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 ला अभयारण्य झालं. आजा गवा हाकलायचा तो बंदुकीपुढं यावा म्हणून. मी बंदूक घिऊन हाकलतोय तो माघारी जावा म्हणून. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस आला की पयलं विचारतो, बंदूक हाय न्हवं? मग राखली का न्हाई पिकं? त्याला काय सांगायचं.

शिरोळ तालुका, माजी सैनिक

सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. तिथं रायफल कधीच आपली नसते. कोतातून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. नंबर मात्र आजही पाठ आहे, बायकोचा मोबाइल नंबर नाही.

पेन्शनीवर आल्यावर पेपरात जाहिरात वाचली, 'स्वतःची परवानाधारक बंदूक असलेला गनमन पाहिजे'. नुसत्या चौकीदाराला एक पगार आणि बंदुकीसकट माणसाला जवळपास दुप्पट. म्हणजे माझ्याइतकाच पगार माझ्या दुनळीला! ती घेतली आणि चौदा वर्षं एका बँकेच्या दारात स्टुलावर बसलो. काय केलं चौदा वर्षांत? म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून दिल्या. पासबुकं छापून दिली. एकदा एका मुलानं विचारलं, काका खरी आहे का? मी म्हटलं, नाही, रंगपंचमीची आहे. त्याची आई बिचारी घाबरून कोपऱ्यात उभी होती, म्हणून तसं बोललो.

पण रोज रात्री साफसफाई चुकवली नाही. फुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची चिंधी बांधलेली दोरी, ओढायचा, चिंधी काळी निघते का बघायची, तेल लावायचं. बार निघालेलाच नाही, मग काळी कशानं निघणार? तरी बघायची. बायको म्हणायची, एवढं माझ्या गुडघ्याला तेल लावलं असतं तर. तिचं खरं होतं.

तुमच्यासाठी एक माहिती. 2016 च्या नियमांप्रमाणं मालकाची सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं वापरून झालं, की जिवंतपणीच वारसाच्या नावावर अर्ज करता येतो. तुमच्या वडिलांनी केला नाही, याचा अर्थ ते विसरले, किंवा तुम्हाला गळ्यात घालायची नव्हती. दोन्ही होऊ शकतं.

हुपरी, चांदीचा व्यापार

रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरचं, .32. माल घेऊन रात्रीचा प्रवास असतो म्हणून वडिलांनी घेतलेलं. पहिली दोन वर्षं कमरेला लावलं. सीटबेल्टखाली रुततं, आणि ढाब्यावर जेवताना सगळं लक्ष शर्ट वर सरकतो का याकडं. चांदीच्या पाटीकडं लक्ष राहिना. एकदा माल गाडीत ठेवून मी रिव्हॉल्व्हर सांभाळत मुतारीत गेलो, तेव्हा उजेड पडला. आता ते तिजोरीत आणि चांदी माझ्याबरोबर. भागीदार हसतो, हसू दे.

कोल्हापूर शहर, एका नेमबाज मुलीची आई

आमची एअर रायफल. दहा मीटरची, .177. हिला परवाना लागत नाही, त्यामुळं इथं लिहावं की नको असं वाटलं. पण घरात सोन्यापेक्षा जास्त जपतो ती वस्तू हीच. सोनं मोडूनच आणली आहे.

ती असते लेकीच्या पलंगाखाली, पेटीत. शिवाजी पूल ते रेल्वे स्टेशन सगळे रिक्षावाले विचारतात, ताई भजनी मंडळ का? आम्ही हो म्हणतो. एकदा एका काकांनी सांगलीपर्यंत राग भूप समजावून सांगितला.

2010 साली तेजस्विनी सावंतनी म्युनिकला नेमबाजीत जागतिक सुवर्ण जिंकलं तेव्हा लेक दीड वर्षाची होती. राही सरनोबतचं आशियाई सुवर्ण तिनं टीव्हीवर बघितलं, 2018 ला, आणि दुसऱ्या दिवशी लाटणं खांद्याला लावून उभी. मग दुधाळीच्या रेंजवर घेऊन गेले. पहिले तीन महिने छर्रा उडवायलाच दिला नाही. नुसतं धरायचं, श्वास सोडायचा, थांबायचं. माझ्या नवऱ्याला वाटलं फसवतायत. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत. एक मोहरीचा दाणा ताटात ठेवून दहा मीटर लांब जाऊन बघा, ठिपका त्याहून लहान.

1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं ऑलिंपिक कांस्य आलं. सगळी गल्ली रस्त्यावर, साखर वाटली. लेक आत बसून पेटी पुसत होती. मी म्हटलं चल बाहेर. म्हणाली, आई, हात थरथरतोय, आज नको.

मला बंदूक म्हणजे भीती वाटायची. आता वाटतं ती घरातली सगळ्यात शांत वस्तू आहे. ही सरावाला उभी राहिली की कुकरची शिट्टीसुद्धा मी बंद करते.

करवीर तालुका

आमच्या एका परवान्यावर तीन होत्या. पणजोबांची ठासणी, आजोबांची बर्मिंगहॅमची दुनळी आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर. 2019 च्या डिसेंबरात कायदा बदलला, तिनाऐवजी दोनच ठेवता येतील. तिसरं वर्षभरात जमा करायचं. वडिलोपार्जित असलं तरी सूट नाही.

वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता, त्यात मध्ये लॉकडाउन. आम्ही तिघं भाऊ, कुणी कुठं जाऊ शकत नाही, रोज जेवताना तेच. थोरला म्हणाला, ठासणी द्या, ती उडत नाही, लोखंडाचा गज आहे नुसता. मधला म्हणाला, उडत नाही म्हणूनच ठेवायची. 1857 ला कोल्हापुरात उठाव झाला, त्यानंतर इंग्रजांनी हत्यारं गोळा केली तेव्हा ही विहिरीत टाकून वाचवली, असं घरात सांगतात. खरं खोटं देव जाणे. नळीवर गंजाचे खड्डे आहेत एवढं खरं. मी म्हटलं दुनळी द्या, तर आईनं ताट सरकवलं. तिच्या लग्नाच्या फोटोत आजोबा ती खांद्याला लावून उभे आहेत.

शेवटी गेलं रिव्हॉल्व्हर. तिन्हींत चालू स्थितीतलं एकमेव, संरक्षणासाठी घेतलेलं एकमेव. ठाण्यातला हवालदार दोनदा म्हणाला, पाटील, चुकून हे आणलं का? पावती घेऊन बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं, वडिलांनी वीस वर्षं ते उशाला ठेवलं, पण आम्हा तिघांपैकी एकाच्याही तोंडून 'वडिलांची आठवण' हा शब्द निघाला नाही. भांडण सगळं पणजोबा-आजोबांच्या दोघींवर. वडील जिवंत आहेत. ते त्या दिवशी जेवले आणि झोपले, काही बोलले नाहीत. मी अजून विचारलेलं नाही.

दोघी आता दिवाणखान्यात नाहीत, कुलपात आहेत. खंडेनवमीला बाहेर काढतो, झेंडूची माळ घालतो, शेजारी कोयता, खुरपं, पोराचा लॅपटॉप. दसऱ्याला सोनं लुटून आलो की परत आत.

नाव-गाव नको

सून म्हणून या घरात आले तेव्हा सासऱ्यांची बंदूक बैठकीत खुंटीला असायची. सासरे माणूस देव, पण संध्याकाळी आठनंतर नाही. सासूबाईंनी मला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरात बोलावलं आणि पिठाच्या डब्याकडं बोट केलं. काडतुसं तिथं, पिशवीत बांधून, ज्वारीच्या पिठात. म्हणाल्या, मी बावीस वर्षं सांभाळली, आता तू. सासऱ्यांना माहीत होतं का? मला वाटतं होतं. त्यांनी पिठाचा डबा कधीही उघडला नाही, आणि बंदूक रिकामी आहे हे पाहुण्यांसमोर कधी बोलले नाहीत. भाकरी करताना दर वेळी हाताला ती पिशवी लागायची.

सासूबाई गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला, मग गप्प झाला, मग दुसऱ्या दिवशी जाऊन स्टीलचं कुलपाचं कपाट घेऊन आला.

कागल

विकली. 2024 ला मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता, जमा करा. जूनला सोडवून आणली. ऑक्टोबरात विधानसभा, परत जमा करा. वर्षात निम्मा वेळ ठाण्यात, निम्मा कपाटात. आणि घरी असली की वरातीत पोरं म्हणणार, अण्णा, एक बार होऊ दे की! आनंदात गोळीबार केला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांना कोण समजावणार. विकली तेव्हा बरं वाटलं. दोन दिवसांनी कपाटातली मोकळी जागा बघितली तेव्हा नाही वाटलं.

परत मीच

सगळ्यांचं वाचलं. काल दुकानात जाऊन आलो. विकायची तर काय येईल, हे विचारायला.

दुकानदारानं ती बाहेर काढली, मोडली, नळीतून उजेडाकडं बघितलं. म्हणाला, मास्तर, चाळीस वर्षं न वापरलेली नळी अशी नसते. हिला कुणीतरी नेमानं तेल लावलंय. मी म्हटलं, वडिलांनी लावलं असेल. त्यानं बोट फिरवून वास घेतला आणि हसला. बंदुकीचं तेल नव्हतं, खोबऱ्याचं होतं. वर म्हणाला, हे लावू नये, थंडीत थिजतं.

वडिलांच्या डोक्यावर केस नव्हते, आमच्या घरात खोबरेल एकाच माणसाच्या फडताळात असतं. घरी येऊन आईला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "मग? दर खंडेनवमीला पूजेआधी मीच पुसत होते. ते काय पुसणार, त्यांना पाट्या-वरवंटा पुसायचं सुचत नव्हतं."

मी सांगितलं, विकतोय.

तिनं शेंगा बाजूला केल्या. "वारस म्हणजे पोरगाच लागतो का? बायको चालत नाही?"

चालते, म्हटलं.

"मग फॉर्म आण. आणि त्या दुकानदाराला विचार, थिजत नाही असं कुठलं तेल असतं."