बालवाडीत शिकवायला विद्यापीठाची पदवी हवी की नको?

फोंडेकर (धागाकर्ता)
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी त्यात पायाभूत स्तर आखला आहे आणि 2023-24 पासून गोव्याने तो राबवायला घेतला. खेळातून शिक्षण, मातृभाषा, सगळं छान. पण शिकवणार कोण? धोरणच सांगतं, बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. तीही काम सांभाळून, टीव्ही-मोबाइलवरून. हायस्कूलला भूगोल शिकवायचा तर पदवी आणि वर बी.एड. मागतो आपण. तीन वर्षांच्या पोरासाठी मोबाइलवरचे धडे पुरतात?

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. चार वर्षांची मुलगी एक ते वीस धडाधड म्हणते, आईबाप खूश. तिला म्हणा, पाच चणे दे. मूठभर देते. अंकांची नावं पाठ होणं वेगळं आणि 'पाच' म्हणजे किती हे उमगणं वेगळं. ज्या बाईला हा फरक दिसतो ती चणे, शिंपले, बांगड्या काढते. जिला दिसत नाही ती एकवीस ते पन्नास पाठ करायला देते. बोटांत पुरती ताकद आलेली नसताना चार रेघांत अक्षरं गिरवायला लावणं हाही त्याच अडाणीपणाचा प्रकार. म्हणून माझं म्हणणं, यापुढच्या भरतीला बालशिक्षणाची विद्यापीठाची पदवी ही अट असावी आणि त्यातलं निदान एक वर्ष बालवाडीतच जावं. आज कामावर आहेत त्यांना हात लावू नये.

सत्तरीची सून
फोंडेकरबाब, चण्यांचं पटलं. पदवीचं नाही. आमच्या वाड्यावरची सेविका वजन घेते, आहार वाटते, गरोदर बायकांची नोंद ठेवते आणि उरल्या वेळात पोरांना शिकवते. पदवी घेतलेली मुलगी पणजी-म्हापसा सोडून इथे येईल? आली तरी बदलीचा अर्ज पर्समध्ये घेऊनच. मूल रडलं तर कोणाच्या घरी हाक मारायची, हे आमच्या बाईला ठाऊक असतं. 'अंगणवाडी' ही कल्पनाच मुळात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची ना? ती अंगणात भरली, विद्यापीठात नव्हे.

कोसबाडप्रेमी
ताई, ताराबाई स्वतः मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. 1926 मध्ये त्यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या साथीने नूतन बालशिक्षण संघ उभारला, मग 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, त्यांच्या सहकारी अनुताई वाघही तिथेच आल्या, पुढे 1957 मध्ये काम जवळच्या कोसबाडला हललं. या सगळ्या काळात शाळेइतकंच महत्त्व त्यांनी शिक्षिका घडवण्याला दिलं. अंगणात बसणारीला शास्त्र नको, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. शिंपले-बियांची साधनं स्वस्त होती, त्यामागचा अभ्यास स्वस्त नव्हता.

हिशेबनीस, मडगाव
पगाराचं कोणीच बोलत नाही. सेविकेचं केंद्राने ठरवलेलं मानधन 2018 पासून 4,500 रुपये. राज्यं वर भर घालतात, पण ते 'मानधन'च, पगार नव्हे. ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल आला 2022 मध्ये. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. त्याखालच्या मुलांची सोय सरकारच्या मर्जीवर. आधी वेतनश्रेणी द्या, मग पदवी मागा. उलट केलंत तर पदवीधर मुली खाजगी केजीत जातील आणि सरकारी अंगणवाडी ओस पडेल.

फोंडेकर
हिशेबनीसबाब, पात्रता नाही म्हणून वेतनश्रेणी नाही, हेच तर सरकार ऐकवतं. फिनलंडने बालवाडी शिक्षकांचं प्रशिक्षण 1995 मध्ये विद्यापीठांकडे नेलं. कुठून तरी सुरुवात करायला हवी.

हिशेबनीस, मडगाव
फिनलंडात त्या शिक्षकाला नगरपालिका रीतसर पगार देते. तेवढं सोडून बाकी सगळं आपण आणतो.

पेडण्याचा मास्तर
मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली, भाषा. पेडण्यातलं पोर घरी कोंकणी बोलतं, शाळेत मराठी ऐकतं आणि त्याला इंग्रजी केजीत घालायला आईबाप कर्ज काढतात. पदवीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, परीक्षाही तशीच. अशी तयार झालेली शिक्षिका 'म्हाका तान लागल्या' म्हणणाऱ्या मुलाला आधी 'वॉटर' म्हणायला लावणार. पदवी जरूर काढा, पण प्रात्यक्षिकाचे गुण वर्गातल्या मुलांच्या भाषेत बोलण्यावर ठेवा. आणि ते गुण द्यायला एखादी जुनी सेविका बसवा, प्राध्यापक एकटे नकोत.

सत्तरीची सून
मास्तर, हे चालेल. पण त्या सेविकेला परीक्षक म्हणून भत्ता किती, तोही आत्ताच लिहून घ्या. नाहीतर तेही मानधनात जमा धरतील.

फोंडेकर
भत्त्याला माझा पाठिंबा. पदवीची अट मात्र मी मागे घेत नाही.

सत्तरीची सून
घेऊ नका. आमच्या वाड्यावर जागा भरायची वेळ आली की जाहिरात वाचून बघा, किती अर्ज येतात ते.